धातू किती आहे, त्याआधी तो कशात आहे ते विचारा

प्रति,
जुन्या खाणींच्या कचऱ्याबाबत निर्णय घेणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि सल्लागार

विषय: केवळ एकूण धातूच्या आकड्यावरून उपाय मंजूर न करण्याबाबत

महोदय, महोदया,

खाण बंद होऊन पन्नास-शंभर वर्षे उलटतात. मालक गेलेला असतो, कामगार पांगलेले असतात आणि मागे ढीग उरतात. काही ढीग फोडून टाकलेल्या दगडांचे असतात. काही पिठासारख्या बारीक गाळाचे, म्हणजे धातुक दळून त्यातला हवा तो धातू काढून घेतल्यावर उरलेल्या टेलिंगचे असतात. अशा ढिगाची फाइल कधी ना कधी तुमच्या टेबलावर येते. फाइलमध्ये एक तक्ता असतो. शिसे इतके, जस्त इतके, आर्सेनिक इतके, सगळे मिलिग्रॅम प्रति किलोत, आणि मर्यादेच्या वर गेलेले आकडे लाल रंगात. ढिगावर माती पसरायची, चुना मिसळायचा, तो पाण्याखाली ठेवायचा की उचलून दुसरीकडे न्यायचा, हे बहुतेक वेळा त्या लाल आकड्यांवरूनच ठरते.

अशा ढिगांतले नमुने तपासणे हेच माझे काम आहे. तक्त्यातले आकडे खरे असतात, ते काळजीपूर्वक काढलेले असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या आकड्यांना जो प्रश्न विचारायला नको तोच आपण विचारत आलो आहोत, आणि त्यातून काही ठिकाणी उपायानेच नुकसान वाढते. म्हणून हे पत्र.

तो आकडा कसा निघतो ते आधी पाहा. नमुना वाळवतात, दळतात आणि अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, तापवतात. सल्फाइड विरघळतात, कार्बोनेट विरघळतात, लोखंडाचे गंज विरघळतात आणि त्यांच्यात अडकलेला धातू द्रावणात येतो. मग यंत्र त्याची मोजणी करते. धातू एकूण किती, याचे हे चांगले उत्तर आहे. पण ढिगावर अम्लराजाचा पाऊस कधी पडत नाही. तिथे पावसाचे पाणी येते, भूजल चढते, वारा धूळ उडवतो, मुलांचे हात मातीत जातात आणि तोंडाला लागतात. यांपैकी प्रत्येकाला धातूचा वेगळा हिस्सा हाती लागतो. तो हिस्सा केवढा, हे धातू कोणत्या खनिजात बसला आहे, कण केवढा आहे आणि भोवतालच्या पाण्याचा स्वभाव कसा आहे यावर ठरते.

शिशाचेच घ्या. दोन ढीग समजा, दोन्हींत शिसे अगदी सारखे. पहिल्यात ते गॅलेनाच्या, म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या, धडधाकट कणांत आहे. दुसऱ्यात तेच गॅलेना हवेपाण्याने झिजून सेरुसाइट झाले आहे, म्हणजे शिशाचे कार्बोनेट. तक्त्यात दोन्ही ढीग सारखेच लाल दिसतील. पण जठरातल्या आम्लात गॅलेना सावकाश विरघळते आणि सेरुसाइट चटकन. दुसऱ्या ढिगाची धूळ लहान मुलाच्या पोटात गेली तर त्यातले बरेच जास्त शिसे रक्तात उतरू शकते. तिसराही प्रकार आहे. फॉस्फेट उपलब्ध असेल तर शिसे पायरोमॉर्फाइट नावाच्या खनिजात बंद होते आणि ते पोटातही फारसे सुटत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांना दिसते. रेझिनमध्ये बसवून घासलेल्या नमुन्यात जड अणूंचे कण उजळ दिसतात आणि त्या उजेडात गॅलेना सर्वांत पांढरे चमकते. जुन्या टेलिंगमधला एखादा कण मोठा करून पाहिला की मधला गाभा लखलखीत असतो. त्याभोवती किंचित मंद रंगाची, काही मायक्रॉन जाडीची कड असते. कडेच्या भेगांतून आणखी एक थर आत शिरलेला दिसतो. ती कड अँग्लेसाइटची, म्हणजे शिशाच्या सल्फेटची असेल, तर आम्लधर्मी पाण्यात ती गाभ्याला काही काळ कवचासारखी सांभाळते. कार्बोनेटची असेल तर चित्र उलटे. एकाच कणात दोन वेगवेगळे धोके एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि अम्लराज त्या दोघांना एकाच आकड्यात बुडवून टाकते.

आता ढिगात आम्ल तयार होते त्याकडे येतो, कारण सगळ्या धातूंची हालचाल शेवटी त्याच्याशी बांधलेली आहे. दोषी बहुधा पायराइट असतो, लोखंडाचे सल्फाइड. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर तो लाखो वर्षे गप्प पडून असतो. वर काढून दळला की त्याचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, त्याला हवा आणि पाणी मिळते आणि सल्फ्युरिक आम्ल बनू लागते. हिशेब मोठा आहे. एक किलो पायराइट पूर्ण झिजला तर सुमारे 1.6 किलो सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते मारायला सुमारे 1.7 किलो शुद्ध चुनखडी लागते. सुरुवात सावकाश असते. पण पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी जास्त आम्लधर्मी) साधारण 4 च्या खाली उतरला की सूत्रे जिवाणूंच्या हाती जातात. अॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू विरघळलेल्या लोखंडाचे ऑक्सिडीकरण करून त्यावर जगतात. आम्लात ही क्रिया एरवी इतकी संथ असते की जिवाणूंमुळे तिचा वेग दहा लाख पटींच्या घरात वाढतो. त्यातून बनलेले फेरिक लोखंड स्वतःच पायराइटला खाऊ लागते. आता थेट हवेचीही वाट पाहावी लागत नाही. एकदा हे चक्र फिरू लागले की थांबवणे अवघड, आणि म्हणून खाण चालू असताना साधी दिसणारी जागा पुढे काही दशकांनी नारिंगी पाणी ओकू लागते.

हे आम्ल लगेच वाहून जातेच असे नाही, आणि याकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे मला वाटते. कोरड्या दिवसांत ढिगातले पाणी केशाकर्षणाने वर चढते, उडून जाते आणि पृष्ठभागावर क्षार फुलतात. पांढरे, पिवळे, पोपटी, कधी मोरपिशी. यातला फिकट हिरवा म्हणजे बहुधा हिराकस, निळा म्हणजे मोरचूद. दिसायला सुंदर, पण हा आम्ल आणि धातू यांचा कोरडा साठा असतो. बोटाने खरवडला तर भुगा होतो, पाण्याच्या थेंबात टाकला तर पाहता पाहता विरघळतो. लांब उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात हा सगळा साठा काही तासांत ओढ्यात उतरतो. त्या काही तासांत तांबे आणि जस्त यांचे प्रमाण एवढे चढू शकते की मासे तग धरत नाहीत. महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी नमुना घेणाऱ्या यंत्रणेला तो प्रसंग सापडत नाही आणि वर्षाची सरासरी समाधानकारक येते.

कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत हा साठा भूगर्भातच होता. तिथल्या बोगद्यांतल्या पाण्याचा सामू उणे 3.6 पर्यंत मोजला गेला आहे. सामू शून्याच्याही खाली जाऊ शकतो हे अनेकांना तिथूनच कळले. या खाणीची तोंडे बुजवावीत, आत पाणी भरू द्यावे, हवा तुटली की आम्लही थांबेल, असा एक पर्याय पुढे आला होता. कागदावर तो स्वस्त होता आणि पाठ्यपुस्तकातल्या तत्त्वाला धरूनही होता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या नॉर्डस्ट्रॉम आणि आल्पर्स यांनी आधीच साठलेल्या क्षारांचा हिशेब केला. पाणी भरताच ते क्षार विरघळून सुमारे 6 लाख घनमीटर पाण्याचा असा साठा तयार झाला असता की ज्याचा सामू 1 किंवा त्याहून कमी असता. आत कोणते क्षार आहेत हे कोणी पाहिलेच नसते, तर आम्ल अडवण्याच्या नावाखाली आम्लाचे तळे बांधले गेले असते. या पत्रातून मला एवढेच मागायचे आहे: असे पाहणे हा अपवाद राहू नये.

चुन्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण मंजुरीसाठी सर्वांत जास्त वेळा येणारा उपाय तोच. चुना टाकला की सामू वाढतो, लोखंड नारिंगी गाळ होऊन खाली बसते आणि त्या गाळाच्या पृष्ठभागाला इतर धातू चिकटतात. हे खरे आहे. मात्र सगळे धातू एकाच सामूला चिकटत नाहीत. शिसे आणि तांबे साधारण 5 ते 6 च्या आसपास बरेचसे पाण्यातून निघून जातात. जस्ताला 7 च्या पुढे जावे लागते, कॅडमियम आणि निकेलला त्याहून वर, आणि मँगनीज तर 9 पर्यंतही बऱ्याचदा हट्टाने विरघळलेलेच राहते. म्हणजे पाणी स्वच्छ, पारदर्शक, सामू 7, नारिंगी रंग नावालाही नाही, आणि तरी त्यात जस्त आणि कॅडमियम भरपूर. अशा पाण्याकडे पाहून कोणाला शंका येत नाही, उलट उपाय यशस्वी झाल्याचा फोटो काढला जातो.

आर्सेनिकचे तर याच्या नेमके उलट आहे. पाण्यात ते धनभारित धातूसारखे वागत नाही, ऋणभारित आर्सेनेट होऊन फिरते. आम्लधर्मी पाण्यात लोखंडाच्या गंजाला ते घट्ट धरून बसते आणि सामू 8 ते 8.5 च्या वर गेला की सुटू लागते. अँटिमनी आणि मॉलिब्डेनमही साधारण याच वळणाचे. जिथे शिसे आणि आर्सेनिक दोन्ही आहेत, आणि जुन्या सोन्याच्या व तांब्याच्या खाणींत ते पुष्कळदा एकत्रच असतात, तिथे चुना सढळ हाताने ओतला तर एकाला बांधताना दुसऱ्याला मोकळे कराल. फॉस्फेटचेही तसेच. शिशाला पायरोमॉर्फाइटमध्ये अडकवायला फॉस्फेट टाकतात, ते काम चांगले होते, पण फॉस्फेट आणि आर्सेनेट यांचा आकार व भार इतका मिळताजुळता की फॉस्फेट आर्सेनेटला जागेवरून ढकलून स्वतः तिथे बसते. ज्या अहवालात फक्त शिशाचा आधीचा आणि नंतरचा आकडा असतो, त्यात हे कधीच दिसणार नाही.

ढीग पाण्याखाली ठेवण्याचा उपाय. त्यामागचे शास्त्र पक्के आहे: पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, म्हणून ताजे, न झिजलेले सल्फाइड पाण्याखाली ठेवले तर ते जवळजवळ झोपून जाते. पण जुना कचरा ताजा नसतो. साठ वर्षे उघड्यावर पडलेल्या टेलिंगच्या वरच्या थरात सल्फाइड संपलेले असतात. त्यांच्या जागी लोखंडाचे गंज आणि जॅरोसाइटसारखी सल्फेट खनिजे आलेली असतात आणि आर्सेनिक, शिसे आता त्यांच्या आश्रयाला असतात. हा थर पाण्याखाली, हवेविना, वर सेंद्रिय खताचे आच्छादन देऊन ठेवला की जिवाणू ऑक्सिजनऐवजी फेरिक लोखंडावर श्वास घेऊ लागतात. गंज विरघळतो आणि त्याने धरून ठेवलेले आर्सेनिक पाण्यात येते, तेही जास्त विषारी आणि जास्त चपळ अशा आर्सेनाइटच्या रूपात. पुढे सल्फेटपासून सल्फाइड बनू लागले तर काही धातू पुन्हा बांधलेही जातात. पण ते किती काळाने आणि किती प्रमाणात, हे त्या त्या ढिगाच्या रसायनावर आहे. एका ढिगावर यशस्वी झालेला आराखडा दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलून ठेवू नका. दोघांचे वय वेगळे असते.

कॅडमियम आणि आर्सेनिक यांच्यातली ही ओढाताण भातशेतीत सर्वांत स्पष्ट दिसते. जपानमधल्या कामिओका जस्त-शिसे खाणीतला बारीक कचरा जिंझू नदीतून तोयामाच्या खाचरांत पोचला, तांदळात कॅडमियम उतरले आणि तो तांदूळ वर्षानुवर्षे खाणाऱ्या लोकांची, बहुतांशी प्रौढ बायकांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडत. त्या वेदनेवरूनच आजाराला इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय", हे नाव पडले. 1968 मध्ये जपान सरकारने त्याचा कॅडमियमशी असलेला संबंध अधिकृतपणे मान्य केला. खाचरात पाणी उभे असते तोवर कॅडमियम सल्फाइड होऊन गप्प असते. दाणा भरायच्या सुमारास पाणी काढले, माती उघडी पडली की सल्फाइड झिजते आणि कॅडमियम मुळांना मिळते. आर्सेनिक नेमके उलट वागते, पाणी उभे असताना ते सुटते आणि निचरा केला की अडकते. खाणीच्या खालच्या अंगाला शेती असेल तर पाणी ठेवा किंवा काढा असा एक सरसकट आदेश काढणे धोक्याचे आहे, आधी दोन्ही धातूंचे प्रमाण आणि रूप पाहावे लागते.

रूप बदलल्याने धोका किती बदलतो याचे मला नेहमी आठवणारे ठिकाण कॅनडातल्या यलोनाइफजवळचे जायंट माइन. तिथले सोने आर्सेनोपायराइटमध्ये, म्हणजे लोखंड आणि आर्सेनिकच्या सल्फाइडमध्ये, होते. ते सोडवण्यासाठी धातुक भाजत, धुरातून सोमल निघे, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. सुमारे 2,37,000 टन सोमलाची पूड जमिनीखालच्या दालनांत भरून ठेवलेली आहे. आर्सेनोपायराइट सावकाश झिजतो, ही पूड मात्र पाण्यात विरघळते. म्हणून ती दालने गोठवून ठेवण्याचा मार्ग निवडावा लागला. तुमच्या फाइलीत "आर्सेनिक" असा एकच रकाना असेल तर भाजणीच्या भट्टीची राख आणि दगडातले खनिज एकाच ओळीत बसतात. जुन्या कारखान्यात धातुक भाजत होते का, पाऱ्याने सोने धरत होते का, सायनाइड वापरत होते का, तरंगवण्याची प्रक्रिया, म्हणजे दळलेल्या धातुकातले हवे ते कण फेसावर तरंगवून वेगळे काढणे, केव्हा आली, हे जुन्या नोंदींत शोधा. तरंगवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. त्याआधीच्या टेलिंगमध्ये धातू बराच मागे राहिलेला असतो. एका ढिगात वेगवेगळ्या काळाचे थर एकमेकांवर असतात आणि प्रत्येक थर वेगळे वागतो. ढिगाच्या माथ्यावरून फावड्याने उचललेला नमुना साऱ्या ढिगाच्या वतीने बोलू शकत नाही.

नमुन्याबद्दल एवढे लिहिले आहे तर आणखी थोडे. पाण्याखालच्या थरातून नळीने काढलेला उभा नमुना, म्हणजे गाभा, बाहेर येतो तेव्हा गडद करडा असतो. तो हवेत उघडा ठेवला की काही काळाने कडेने तांबूस होऊ लागतो. म्हणजे तपासणी सुरू होण्याआधीच नमुना बदलतो आहे. ओव्हनमध्ये वाळवला तर आणखी बदलतो. अशा नमुन्यावर काढलेला निष्कर्ष ढिगातल्या त्या थराचा राहत नाही. लगेच सीलबंद करणे, शक्य तर नायट्रोजनखाली ठेवणे आणि गोठवणे, एवढी काळजी करारातच लिहून घ्या. ओढ्याच्या पाण्याचेही तसेच. खाणीच्या पाण्याने बाधित ओढ्यांत विरघळलेले जस्त दिवसभर सारखे नसते. दुपारी पाणवनस्पती आणि शेवाळ सामू वाढवतात, जस्त तळातल्या गाळाला चिकटते आणि प्रमाण उतरते. रात्री सामू खाली येतो, जस्त परत सुटते आणि पहाटे ते सर्वांत जास्त असते. काही ओढ्यांत हा फरक कित्येक पटींचा आढळला आहे. आर्सेनिकचा कल बहुधा उलटा, दुपारनंतर जास्त. कार्यालयीन वेळेत बाटली भरणारा माणूस जस्ताला रोजच सवलत देत असतो. आणि 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गेले ते सगळे विरघळलेले, हा संकेत आहे, निसर्गाचा नियम नव्हे. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण शिसे आणि आर्सेनिक पाठीवर घेऊन त्यातून सहज पार होतात.

चाचण्यांची निवडही याच नजरेने व्हायला हवी. टीसीएलपी ही कचऱ्यातून विषारी घटक किती झिरपतात ते पाहणारी चाचणी अनेक ठिकाणी सवयीने मागवली जाते. ती घरगुती कचऱ्याच्या भरावात एखादा औद्योगिक कचरा मिसळला तर काय होईल, या कल्पनेवर रचलेली आहे. म्हणून तिच्यात अॅसिटिक आम्ल वापरतात आणि नमुना 18 तास फिरवतात. ज्या ढिगावर ओल्या कचऱ्याचा लवलेश नाही आणि जिथे पायराइट पुढची कित्येक वर्षे आम्ल बनवत राहणार आहे, तिथे या 18 तासांचे उत्तर कोणत्या प्रश्नाचे? आम्ल-अल्क हिशेबाची चाचणी, म्हणजे ढीग किती आम्ल बनवू शकतो आणि किती मारू शकतो याची तुलना, जास्त उपयोगी, पण तीही डोळसपणे वाचावी लागते. त्यात सर्व कार्बोनेटांना चुनखडीसारखे धरले आणि त्यातले बरेचसे सिडेराइट, म्हणजे लोखंडाचे कार्बोनेट असेल, तर हिशेब फसवा होतो. सिडेराइट आधी आम्ल मारते, मग त्यातून सुटलेले लोखंड ऑक्सिडीकरण होऊन तेवढेच आम्ल परत देते. शिवाय चुनखडी लवकर संपते आणि पायराइट मागे राहतो. ओलाव्याच्या कक्षात किमान 20 आठवडे चालणारी चाचणी हे काहीसे उघड करते, आणि खनिजे ओळखून केलेली असेल तर बरेच.

खाण बंद करताना पंप थांबवण्याचा दिवसही अशाच निर्णयाचा असतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या व्हील जेन या कथिलाच्या खाणीत 1991 मध्ये पंप थांबले. पाणी चढत गेले, वर्षानुवर्षांच्या उघड्या भिंतींवरचे क्षार त्यात विरघळले आणि जानेवारी 1992 मध्ये जुन्या बोगद्याचे तोंड फुटून लोखंड, जस्त, कॅडमियम असलेले आम्लधर्मी पाणी कार्नन नदीतून फालच्या खाडीत गेले. खाडी नारिंगी झाली. कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीत ऑगस्ट 2015 मध्ये तपासणीच्याच कामात साचलेले पाणी फुटले आणि सुमारे 30 लाख गॅलन पाणी अॅनिमास नदीत उतरले. आत किती पाणी आहे, त्याचा दाब किती आणि ते कोणत्या क्षारांवरून चढत आले आहे, हे आधी मोजायला हवे होते.

तुमच्या बाजूने येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. लोक तक्रार घेऊन दारात उभे असतात, निधी याच वर्षात खर्च करायचा असतो, आणि खनिजांचा अभ्यास म्हटले की काम दोन वर्षे लांबले असे वाटते. यात एक बाब मी कोणत्याही अभ्यासाच्या पुढे ठेवतो. जिथे मुले ढिगावर खेळतात, जिथे टेलिंगची धूळ घरात शिरते, तिथे सूक्ष्मदर्शकाची वाट पाहू नका. कुंपण घाला, धूळ दाबा, उघडी माती झाका, मुलांच्या रक्तातले शिसे तपासा. झांबियातल्या काब्वे इथली शिसे-जस्त खाण 1994 मध्ये बंद झाली आणि तिथल्या मुलांच्या रक्तात शिसे आजही सापडते. हाताला चिकटणारे कण पाव मिलिमीटरपेक्षा बारीक असतात. तपासणीचा नमुनाही त्या आकाराला चाळून घ्या, कारण धातू बहुधा बारीक कणांतच जास्त असतो आणि सरसकट नमुना तो धोका पातळ करून दाखवतो.

बाकी उपायांना मात्र वेळ द्या. लाखो टन माती हलवण्याच्या खर्चापुढे काही डझन नमुन्यांचा खनिज अभ्यास हा किरकोळ खर्च आहे, आणि चुकीचा चुना किंवा चुकीचे आच्छादन परत काढण्याचा खर्च तर कोणी अंदाजपत्रकात धरतच नाही. आता जुन्या ढिगांतून उरलेले धातू काढण्याच्याही योजना येत आहेत. सल्फाइड वेगळे काढले गेले तर उरलेला कचरा निरुपद्रवी होऊ शकतो, म्हणून मी त्यांच्या विरोधात नाही. पण दशकानुदशके हवेपासून झाकले गेलेले खालचे थर उकरले की झिजण्याचे घड्याळ पुन्हा सुरू होते. नंतर जो कचरा उरेल त्याचीही हीच तपासणी आधी मागा, धातू किती मिळेल एवढ्यावर परवाना देऊ नका.

माझ्या मागण्या तुमच्या अधिकारात बसणाऱ्या आहेत. मंजुरीसाठी येणाऱ्या प्रत्येक अहवालात, प्रत्येक प्रमुख धातूपुढे, तो कोणत्या खनिजात आहे आणि कोणत्या थरात, असा रकाना सक्तीचा करा. उपायाच्या प्रस्तावात ज्या धातूसाठी उपाय आहे त्याच्यासोबत इतर धातूंचे काय होईल तेही मागा, विशेषतः आर्सेनिक, अँटिमनी, जस्त आणि कॅडमियम यांचे. सामू आणि ऑक्सिजन कसा बदलणार आहे, आणि त्या बदलात हे धातू कुठे जातील, याचे लेखी उत्तर सल्लागाराच्या सहीनिशी घ्या. पाण्याचे नमुने पहिल्या पावसात, कोरड्या काळाच्या शेवटी आणि एकदा तरी रात्रभर दर दोन तासांनी घेण्याची अट निविदेत घाला. आणि उपाय पूर्ण झाल्यानंतरची देखरेख दोन वर्षांनी आपोआप संपणार नाही, अशी तजवीज आधीच्या करारात करून ठेवा, कारण ठेकेदार गेल्यावर ती करता येत नाही.

एक विनंती उरली. काम सुरू करण्याआधी घेतलेल्या गाभ्यांपैकी काही नमुने सीलबंद करून गोठवून जपून ठेवा आणि ते कुठे ठेवले आहेत ते फाइलीत लिहा. वीस वर्षांनी एखाद्या विहिरीत आर्सेनिक चढले तर तो धातू मूळच्या खनिजातून आला की आपण टाकलेल्या थरातून, हे त्या नमुन्यांशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

आपला,
जुन्या खाणींच्या कचऱ्याचे नमुने तपासणारा एक भूरसायनतज्ज्ञ